पलभा चार अंगुळे

फाल्गुन सरत आला की अप्पा बळवंत चौकातल्या दुकानांत क्रमिक पुस्तकांच्या चळतींशेजारी नव्या शकाच्या पंचांगांची चळत येऊन बसते. ते घेणारे गिऱ्हाईक विषय, इयत्ता, प्रकाशक असे काही सांगत नाही. नुसते एक नाव सांगते आणि दुकानदार त्या नावाचे पंचांग पुढे टाकतो. हे नाव बहुधा वडिलांकडून आलेले असते, स्वतःच्या आडनावासारखेच. अमुकच का आणि तमुक का नाही, हे त्या गर्दीत कोणी विचारत नाही. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी याच शहरात हा प्रश्न इतक्या हिरिरीने विचारला जात होता की त्यावर ग्रंथ लिहिले गेले, परिषदा भरल्या, वर्तमानपत्रांचे रकाने खर्ची पडले. आणि हे सारे करणाऱ्यांपैकी जवळजवळ कोणाचाही त्यावर चरितार्थ चालत नव्हता.

बुधवार पेठेत उभे राहून पंचांगाचा विचार करण्यात एक वेगळीच गंमत आहे. १७०३ मध्ये औरंगजेबाच्या छावणीच्या काळात वसलेली ही पेठ मुळात मोहियाबाद. पेशवाईत ती बुधवार झाली. या शहराने आपला आठवडाच जमिनीवर मांडून ठेवला आहे. सोमवारातून निघालेला माणूस रविवारात खरेदी करतो आणि बुधवारात पुस्तके चाळतो. तिथी, वार, नक्षत्र, योग आणि करण ही पंचांगाची पाच अंगे; त्यांपैकी ज्याबद्दल कोणत्याही दोन पंचांगांचे कधी भांडण झाले नाही असे एकच अंग, ते म्हणजे वार. पुणेकरांनी पेठांना नेमके तेच दिले, हा केवळ योगायोग. बाकीच्या चार अंगांत मात्र मतभेदाला जागा आहे. तीन अंगांत सूर्य साक्षात हजर असतो आणि चौथ्यात, म्हणजे नक्षत्रात, ‘आरंभ कोठून मोजायचा’ या प्रश्नाच्या रूपाने.

हा वाद मला पुस्तकांतून कळला, पण पटला तो गच्चीवर. काही वर्षांपूर्वी आम्ही पाच-सहा जणांनी पेठेतल्या एका जुन्या इमारतीच्या गच्चीवर बारा इंची सळई सिमेंटने भरलेल्या घमेल्यात ओळंब्याने सरळ उभी केली. आमच्यात दोघे मराठीचे शिक्षक होते, तीन विद्यार्थी होते आणि एक निवृत्त ओव्हरसियर. जुन्या ग्रंथांत शंकू बारा अंगुळांचा असतो. आम्ही अंगुळाऐवजी इंच धरला, प्रमाण तेच राहते. दर आठ-दहा दिवसांनी कोणीतरी जिना चढायचे, माध्यान्हाला सळईची सावली सर्वांत आखूड होईल त्या क्षणी तिच्या टोकाशी तैलरंगाचा ठिपका द्यायचा आणि शेजारी तारीख लिहायची. काम एवढेच. सूर्याचा वर्षाचा रस्ता गच्चीच्या फरशीवर उतरवायचा.

मार्चच्या एकविसाव्या दिवशी, म्हणजे दिवसरात्र समान होतात तेव्हा, सावली चार इंच भरली. जुन्या ज्योतिष्यांच्या भाषेत हीच त्या गावाची पलभा: विषुवदिनी माध्यान्ही बारा अंगुळांच्या शंकूची जितकी अंगुळे छाया पडते तितकी. पुण्याची पलभा चार, असे जुन्या पद्धतीने लग्न साधताना धरत असत. पुण्याचा अक्षांश साडेअठरा अंश. त्रिकोणमितीने काढले तरी उत्तर चारच येते. ज्या दिवशी आमच्या घमेल्यातल्या सळईने ते आकड्यानिशी दाखवले, त्या दिवशी आमच्यातला एक विद्यार्थी बराच वेळ फरशीकडे पाहत राहिला. त्याच्या आजोबांचे एक हस्तलिखित करणग्रंथाचे बाड घरात होते आणि त्यात ‘पलभा ४’ असा शब्द त्याने वाचलेला होता; तो काही मंत्र असावा असे त्याला वाटत आले होते.

पुढे डिसेंबरच्या बाविसाव्या दिवशी सावली वर्षातली सर्वांत लांब, पावणेअकरा इंचांहून किंचित अधिक, पडली. त्यानंतर ती आखूड होऊ लागली, म्हणजे सूर्य उत्तरेकडे वळला. आणि चौदा जानेवारीला, घरोघर तिळगूळ वाटला जात असताना, आमचा ठिपका दहा इंचांवर पडला. उत्तरायण सुरू होण्याचा दिवस म्हणून जो सण आपण पाळतो, त्या दिवशी सूर्य वळून तेवीस दिवस उलटलेले असतात, ही गोष्ट वाचणे वेगळे आणि दोन ठिपक्यांमधली ती पाऊण इंचाची फरशी पाहणे वेगळे.

एकोणिसाव्या शतकातला पंचांगवाद म्हणजे या पाऊण इंचाचे काय करायचे, हाच वाद.

तो नीट समजण्यासाठी थोडे गणित आवश्यक आहे. साहित्याच्या वाचकाने त्याला बिचकू नये. सूर्याचे वर्ष दोन तऱ्हांनी मोजता येते. एका वसंतसंपातापासून पुढच्या वसंतसंपातापर्यंतचे वर्ष हे ऋतूंचे वर्ष, ते सायन. एका ताऱ्यापासून निघून पुन्हा त्याच ताऱ्याशी येण्याचे वर्ष हे नाक्षत्र, ते निरयन. दुसरे पहिल्याहून सुमारे वीस मिनिटांनी मोठे. वीस मिनिटे म्हणजे काहीच नाही, पण सत्तर-एकाहत्तर वर्षांत त्यांचा एक दिवस होतो आणि दीड हजार वर्षांत तीन आठवडे. कधीकाळी मकर संक्रांत आणि उत्तरायणारंभ एकाच दिवशी येत असत. तेव्हापासून त्या दोन घटना एकमेकींपासून सरकत गेल्या. राशिचक्राचा आरंभबिंदू आणि वसंतसंपात यांच्यात जे अंतर पडले त्याला अयनांश म्हणतात. हे अंतर किती धरायचे, हा दुसरा प्रश्न. कारण आरंभबिंदू आकाशात रंगवून ठेवलेला नाही. तो रेवती नक्षत्राच्या योगताऱ्याशी मानावा, तर अयनांश कमी येतात. चित्रा ताऱ्याच्या बरोबर समोर मानावा, तर सुमारे चार अंशांनी जास्त येतात. चार अंश म्हणजे सूर्याची चार दिवसांची चाल.

चार दिवसांनी काय बिघडते? बिघडते ते अधिक महिन्यात. आपले महिने चंद्राचे आणि वर्ष सूर्याचे. बारा चांद्रमासांचे दिवस होतात तीनशे चोपन्न. वर्षाला अकरा दिवसांची तूट पडते आणि ती बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक महिना वाढवून भरून काढली जाते. कोणता महिना वाढवायचा? ज्या चांद्रमासात सूर्याची एकही संक्रांत येत नाही तो. मग संक्रांती चार दिवस अलीकडे सरकल्या की कधीकधी ‘संक्रांत नसलेला’ महिनाच बदलतो. एकाचा श्रावण तो दुसऱ्याचा अधिक श्रावण होतो. एका घरात गणपती बसतो तेव्हा शेजारच्या घरात अजून नागपंचमीही झालेली नसते. वाद शास्त्राचा राहत नाही, तो दारात येतो.

महाराष्ट्रात तीनशे वर्षांहून अधिक काळ पंचांगे ज्यावरून केली जात होती तो ग्रंथ म्हणजे नांदगावच्या गणेश दैवज्ञांचा ‘ग्रहलाघव’, शके १४४२ चा, म्हणजे इसवी सन १५२० चा. कोकणच्या किनाऱ्यावर बसून या माणसाने ज्या-कोष्टकांचा सगळा बोजा टाळून साध्या गुणाकार-भागाकाराने ग्रह काढण्याची युक्ती दिली. खेड्यातल्या जोशालाही ते गणित पाटीवर जमू लागले. मराठीत पंचांग गावोगाव पोहोचले ते या सोपेपणामुळे, असे मला वाटते. पण साडेतीनशे वर्षांत सोप्या गणितातल्या बारीक चुका साठत गेल्या. ग्रहणाच्या वेळा चुकू लागल्या, आणि ग्रहण ही अशी गोष्ट आहे की तिथे पंचांगाची चूक आंधळ्यालाही लपवता येत नाही.

केरो लक्ष्मण छत्रे (१८२५–१८८४) हे या कथेतले पहिले नाव. अलिबागजवळच्या नागावचे, कुलाब्याच्या वेधशाळेत उमेदवारी केलेले, पुढे पुण्यात गणिताचे प्राध्यापक झालेले आणि डेक्कन कॉलेजात टिळकांचे गुरू. १८६० मध्ये त्यांनी ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हा ग्रंथ मराठीत आणला आणि शके १७८७ पासून, म्हणजे १८६५ पासून, नवे पंचांग सुरू केले. आबासाहेब पटवर्धनांचा आश्रय त्याला होता म्हणून ते पटवर्धनी. नव्या गणिताचा आधार होता इंग्रजी नॉटिकल अल्मनाक. दर्यावर्दी ब्रिटिश नाविकांसाठी ग्रिनिचला तयार होणाऱ्या कोष्टकांवरून पुण्यातली एकादशी ठरू लागली, ही वसाहतकाळातली एक मजेदार उलटापालट आहे. तिच्याकडे आपल्या वाङ्मयेतिहासकारांनी अजून नीट पाहिलेले नाही. केरोपंतांनी दुसरेही पाऊल टाकले. आरंभबिंदू रेवतीच्या ताऱ्याशी नेला, म्हणून ग्रहलाघवाच्या बावीस अंशांऐवजी अयनांश अठराच्या आसपास आले. चार अंशांचा तो फरक इथे जन्मला.

लोकांनी काय म्हटले? शास्त्रीमंडळींचा आक्षेप अडाणीपणाचा होता असे समजण्याचे कारण नाही. धर्मशास्त्रात तिथीची जास्तीत जास्त वाढ पाच घटिकांची आणि क्षय सहा घटिकांचा, अशी एक मर्यादा रूढ होती. श्राद्धाचे, उपवासाचे निर्णय तिच्यावर बसवलेले होते. चंद्राचे खरे गणित केले की तिथी कधी साठ घटिकांची सदुसष्ट होते, कधी पन्नासांवर येते. म्हणजे आकाश शास्त्राबाहेर जाते. अशा वेळी आकाशाचे ऐकायचे की निबंधग्रंथांचे? केरोपंतांचे उत्तर आकाशाच्या बाजूचे होते. पण त्यांच्यावरचा सर्वांत धारदार हल्ला जुन्यांकडून आला नाही. तो आला त्यांच्याहून पुढे गेलेल्याकडून.

विसाजी रघुनाथ लेले यांनी ‘स्फुटवक्ता अभियोगी’ या टोपणनावाने वर्तमानपत्रांतून केरोपंतांना विचारले की आकाशाला साक्षी ठेवायचेच असेल, तर अर्ध्यावर का थांबता? ऋतू संपातावर चालतात, सण ऋतूंचे आहेत, तेव्हा अयनांशच टाकून द्या आणि सूर्य जिथे वळतो तिथेच संक्रांत धरा. हा सायनपक्ष. त्या काळच्या निबंधवाङ्मयाचा अभ्यास करणाऱ्यांनी या नावाकडे जरूर लक्ष द्यावे. स्पष्ट बोलणारा फिर्यादी असे स्वतःला म्हणवून घेणारा हा लेखक विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पिढीच्या खंडनशैलीचा चुलतभाऊ शोभतो.

लेल्यांबरोबर उभे राहिले जनार्दन बाळाजी मोडक आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित. १८८० च्या दशकात या मंडळींनी सायन पंचांग काढले. मोडकांचे नाव साहित्याच्या विद्यार्थ्यांना दुसऱ्या संदर्भात माहीत असते: काशिनाथ नारायण साने आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्याबरोबर १८७८ मध्ये पुण्यात ‘काव्येतिहाससंग्रह’ सुरू करणारे तेच हे मोडक. जुन्या बखरी आणि जुन्या कविता जीर्ण बाडांतून काढून छापणे, आणि सरकत गेलेली संक्रांत ओढून उत्तरायणावर आणणे, ही दोन कामे एका माणसाला एकाच आयुष्यात करावीशी वाटली. आपण मात्र पहिल्या कामाला वाङ्मय म्हणतो आणि दुसऱ्याला काहीच म्हणत नाही. माझ्या मते दोन्हींच्या मुळाशी पाठचिकित्साच होती. पंचांग ही एक संहिता, लेखकुंच्या हातून चुका साठत आलेली. तिचा मूळ पाठ आकाशात आहे, तो पाहून ती शुद्ध करायची.

आणि दीक्षित. मुरूड-दापोलीकडे १८५३ मध्ये जन्मलेला हा शाळामास्तर, मॅट्रिकच्या पुढे ज्याला जाता आले नाही, १८९६ मध्ये ‘भारतीय ज्योतिषशास्त्राचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास’ मराठीत लिहून प्रसिद्ध करतो. त्याच वर्षी रॉबर्ट स्यूएल यांच्या जोडीने भारतीय कालगणनेवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथही निघाला. १८९८ च्या एप्रिलमध्ये, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षात, ते पुण्यात वारले. मराठी ग्रंथाला दक्षिणा प्राइझ कमिटीचे पारितोषिक होते, पण पारितोषिकावर असे ग्रंथ होत नाहीत. आधी मास्तरकी, नंतर उरलेल्या वेळात गावोगावचे पोथीसंग्रह धुंडाळणे, पत्रे पाठवणे, करणग्रंथातले उदाहरण स्वतः सोडवून ग्रंथकाराचा काळ निश्चित करणे. हे सारे बिनपगारी.

या ग्रंथाविषयी एक गोष्ट मराठीच्या वर्गात शिकवली जावी असे मला फार वाटते. दीक्षित स्वतः कट्टर सायनवादी. तरीही ग्रहलाघवकारांविषयी लिहिताना, केरोपंतांविषयी लिहिताना, ज्यांचे मत त्यांना सर्वस्वी चुकीचे वाटत होते अशांविषयी लिहितानाही त्यांचा तराजू हलत नाही. प्रतिपक्षाचे म्हणणे ते प्रतिपक्षाने मांडले असते त्याहून नेटके मांडतात आणि मगच आपले म्हणणे सांगतात. वाक्ये आखूड, विशेषणे जवळजवळ नाहीत. ज्या काळात वादाचे गद्य म्हणजे उपहास अशी समजूत रूढ होत होती, त्या काळात हे गद्य लिहिले गेले. निबंधमालेच्या शैलीवर आपण पाने भरून लिहिली. दीक्षितांच्या शैलीवर मला एखादा परिच्छेदही फारसा आढळत नाही.

सायनपक्षाचे मला आकर्षण आहे हे एव्हाना लक्षात आले असेल. गच्चीवरचा पाऊण इंच माझ्याही डोळ्यांत सलतो. पण त्याची एक अडचण होती आणि ती खरी होती. शेतकऱ्याचे पंचांग तिथीवर नव्हते. ते सूर्यनक्षत्रांवर होते. सात-आठ जूनला मृग निघतो, मग आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य. त्यांची वाहने, मोर की बेडूक की हत्ती, यांवर पावसाचा अंदाज. सूर्याचा वार्षिक मार्ग पाळणारी खरी लोकमान्य रचना ती होती आणि ती पूर्ण निरयन होती. नक्षत्रांचे विभागही संपातापासून मोजायचे म्हटले, तर मृग मेच्या मध्यावर येतो. त्या वेळी पुण्यात सूर्य डोक्यावर असतो आणि जमीन तापून भेगाळलेली असते. ‘मृगाचा पाऊस’ हा शब्दच मोडतो. शिवाय रात्री वर पाहावे तर चंद्र ज्या ताऱ्यांजवळ दिसतो ते नाव एक आणि पंचांगात छापलेले दुसरे. ऋतूंशी प्रामाणिक राहायचे तर ताऱ्यांशी खोटे बोलावे लागते, ताऱ्यांशी प्रामाणिक राहायचे तर ऋतूंशी. अर्थात निरयन मृगही जागेवर नाही. गणेश दैवज्ञांच्या काळापासून आजवर तो ऋतूंच्या मानाने सात दिवस पुढे गेला आहे. पण सात दिवस पाचशे वर्षांत. तेवढे कोणाच्या लक्षात येणार?

इथे आणखी एक गोष्ट न लपवता सांगितली पाहिजे. पटवर्धनी पंचांग निघण्याच्या दहा वर्षे आधी, १८५५ मध्ये, जोतीराव फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले होते. एक जोशी पंचांगाच्या आधारे गरोदर कुणबिणीला आणि तिच्या नवऱ्याला कसे लुबाडतो, हा त्याचा विषय. १८४८ मध्ये ज्या भिडे वाड्यात जोतीरावांनी मुलींची शाळा काढली तो याच बुधवार पेठेतला. म्हणजे पंचांग चुकले आहे असे म्हणणारे आणि पंचांगाने आम्हाला फसवले आहे असे म्हणणारे, दोन्ही आवाज या परिसरात दहा-पंधरा वर्षांच्या अंतराने उठले. पहिल्यांनी दुसऱ्यांचे ऐकल्याची खूण मला तरी पंचांगवादाच्या लिखाणात दिसत नाही. अयनांश अठरा की बावीस यावर हयात घालवणाऱ्या या निःस्वार्थी माणसांना, ते पंचांग कोण कोणाला वाचून दाखवते आणि त्याचे काय घेते, हा प्रश्न पडला नाही. त्यांच्या कामाची थोरवी मान्य करूनही हे म्हणावे लागते.

टिळकांनी या वादात उडी घेतली ती दोन वाटांनी. १८९३ च्या ‘ओरायन’मध्ये त्यांनी संपाताच्या सरकण्याचाच घड्याळासारखा उपयोग करून वेदांचा काळ मागे नेला. आणि व्यवहारात त्यांनी आपल्या गुरूंची, केरोपंतांची, रेवतीची बाजू घेतली. १९०४ मध्ये मुंबईत पंचांगपरिषद भरली, पुढे पुण्यात आणि सांगलीत. राजद्रोहाचे खटले, तुरुंगवास, काँग्रेस या सगळ्यांच्या मधल्या फटींतून हा माणूस अयनांशांचे ठराव मांडत होता. त्यातून उभे राहिले ते आज टिळक पंचांग म्हणून ओळखले जाते.

चित्रापक्षाचे बळ होते ते व्यंकटेश बापूजी केतकरांचे गणित. हेही शाळामास्तर, बागलकोटकडे नोकरीत हयात गेलेले; ‘ज्योतिर्गणित’ संस्कृतात लिहिणारे आणि नेपच्यूनच्या पलीकडे ग्रह असावेत असे भाकीत १९११ मध्ये फ्रान्सच्या ज्योतिषमंडळाच्या पत्रिकेत छापून आणणारे. पुढे चित्रापक्ष जिंकला. का जिंकला? त्याची आकाशातली बाजू अधिक खरी होती म्हणून नव्हे. आरंभबिंदूच्या बाबतीत ‘खरे’ असे काही नसतेच. तो जिंकला कारण त्याचे अयनांश जुन्या ग्रहलाघवी अयनांशांच्या जवळ होते. गणित नवे, पण सण जुन्या जागी. कोणाचा गणपती हलला नाही. शिवाय त्याला छापखाना आणि वितरण भेटले. सोलापूरच्या दाते पंचांगाने आणि १९७३ नंतर भिंतीवर आलेल्या ‘कालनिर्णय’ने जे घरोघर नेले, तेच महाराष्ट्राचे आकाश झाले.

स्वातंत्र्यानंतर सरकारने १९५२ मध्ये मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. देशात सुमारे तीस वेगवेगळ्या कालगणना चालू असल्याचा उल्लेख पंडित नेहरूंनी तिच्या अहवालासाठी दिलेल्या संदेशात केला. समितीत ‘केसरी’चे माजी संपादक ज. स. करंदीकर होते, नागपूरचे के. ल. दफ्तरी होते आणि उज्जैनचे रा. वि. वैद्यही, ज्यांनी पुढे दीक्षितांचा ग्रंथ इंग्रजीत नेला. समितीने काय केले? वर्ष सायन घेतले: २२ मार्च १९५७ हा १ चैत्र १८७९ झाला. लेले-मोडक-दीक्षितांचे म्हणणे सत्तर-पंचाहत्तर वर्षांनी राजपत्रात आले. पण सणांसाठी अयनांश सव्वातेवीस अंशांवर ठेवून निरयनाचीही सोय केली. आकाशवाणीवर आणि सरकारी कागदांच्या डोक्यावर ती तारीख आली. लोकांनी ती ऐकली आणि भिंतीवरच्या तारखेनेच चालत राहिले. राष्ट्रीय दिनदर्शिकेप्रमाणे आज कितवा दिवस, असे मी दरवर्षी वर्गात विचारतो. अजून उत्तर आलेले नाही. (मलाही पाहूनच सांगावे लागते.)

रेवतीपक्ष मात्र संपला नाही. २०२३ मध्ये बहुतेक पंचांगांत १८ जुलै ते १६ ऑगस्ट हा अधिक श्रावण होता, कारण सोळा ऑगस्टला अमावास्या झाली आणि सूर्य सिंहेत गेला तो दुसऱ्या दिवशी, सतरा तारखेला. एका दिवसाने महिना संक्रांतीवाचून राहिला. टिळक पंचांगात संक्रांती चार दिवस अलीकडे असतात, म्हणून त्यात हाच महिना नेहमीचा श्रावण ठरला आणि गणेश चतुर्थी २० ऑगस्टला आली; बाकी महाराष्ट्रात १९ सप्टेंबरला. कोकणात ज्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या हे पंचांग सोडलेले नाही, त्यांचे गणपती महिनाभर आधी बसले. मुंबईहून येणाऱ्यांना रजा वेगळी काढावी लागली, वाजंत्री मिळेनात, शेजाऱ्यांनी मात्र आरतीला येऊन टाळ धरले. ज्यांच्याकडे मी त्या वेळी गेलो होतो त्या काकूंना मी विचारले की सगळ्या गावाबरोबर का करत नाही. त्या म्हणाल्या, “आमच्याकडे हेच पंचांग आहे.” रेवती, अयनांश, केरोपंत यांपैकी एकही शब्द त्या घरात कोणाला ठाऊक नव्हता. १८६५ मध्ये पुण्यात एका प्राध्यापकाने घेतलेला निर्णय तिथे मखरात बसलेला होता.

आमच्या गच्चीचे सांगायचे राहिले. एकंदर एकतीस ठिपके झाले होते. पावसाळ्यात जून ते सप्टेंबर फार थोडे दिवस ऊन मिळाले, त्यामुळे फरशीच्या दक्षिण अंगाला, जिथे मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत सावली उलट बाजूला पडते, तीनच ठिपके आले. एकवीस जूनचा हवा होता तो ढगांनी दिला नाही. गणिताने तो सळईपासून दक्षिणेला एका इंचावर पडायला हवा. दुसऱ्या वर्षी इमारतीच्या गच्चीला गळती लागली म्हणून सोसायटीने जलरोधक लेप दिला आणि काम करणाऱ्यांनी सगळे ठिपके त्याखाली घालवले. त्यांचा दोष नव्हता. गच्चीवर कोणीतरी रंगाचे थेंब सांडले आहेत असे त्यांना वाटले. कागदावर मापे होती म्हणून वाचलो.

पुण्यात हे काम आमच्याआधी आणि आमच्याहून शिस्तीने करणारे आहेत. ज्योतिर्विद्या परिसंस्था ही हौशी आकाशनिरीक्षकांची संस्था २२ ऑगस्ट १९४४ रोजी इथेच स्थापन झाली, देशातली या प्रकारची सर्वांत जुनी. टिळक स्मारक मंदिरातल्या तिच्या जागेत पिढ्यान्‌पिढ्या मुले दुर्बिणीला डोळा लावत आली. आमच्यातले दोन विद्यार्थी आता तिकडे जाऊ लागले आहेत. सळई मात्र त्यांनी सोडलेली नाही. गेल्या मे महिन्यात लेपावर नव्याने घमेले ठेवले. तेरा-चौदा मेच्या सुमारास सूर्य पुण्याच्या बरोबर डोक्यावरून जातो आणि साडेबाराच्या पुढे-मागे उभ्या वस्तूची सावली तिच्याच पायाखाली जाते. खालच्या मजल्यावरची दोन मुले आणि त्यांची आजी वर आली होती. आजींनी आपले तांब्याचे फुलपात्र सळईशेजारी उलटे ठेवून पाहिले, मग सुलटे ठेवून पाहिले. सुलट्या फुलपात्रात ऊन तळापर्यंत गेले होते. ओव्हरसियरांनी वेळ लिहून घेतली, बारा वाजून एकतीस मिनिटे. हाच योग पुन्हा येतो तो तीस-एकतीस जुलैला, बारा चाळीसच्या सुमारास. त्या दिवशी बहुधा पाऊस असतो.